एस्पोझितो: भिंतीपलीकडून आलेलं आडनाव

पिझ्झा आवडतो ना? मग नेपल्सच्या राफाएले एस्पोझितोचं नाव ऐकून ठेवा. टोमॅटो, पांढरं चीज आणि हिरवी तुळस घालून १८८९ मध्ये त्याने राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केला, अशी गोष्ट तिथे आवडीने सांगतात. पण आज पिझ्झा बाजूला ठेवू आणि त्याच्या आडनावाकडे बघू. नेपल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच!

ते आलं कुठून? जुन्या नेपल्समध्ये आनुन्त्सियाता नावाची संस्था होती. चर्च, इस्पितळ आणि अनाथ बाळांचं घर, सगळं एकाच ठिकाणी. तिच्या भिंतीला एक भोक होतं आणि त्यात गोल फिरणारा पोकळ लाकडी पिंप. गरिबीमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळे ज्यांना बाळ सांभाळणं शक्य नसे, ते अंधारात येत, बाळ पिंपात ठेवत आणि पिंप फिरवत. बाळ गर्रकन भिंतीच्या आत! आतली दाई त्याला लगेच उचलून घेई. बाळ कुणी ठेवलं ते तिला दिसत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

मग वहीत नोंद. नाव ठेवता येई, पण आडनाव? घरच्यांचा पत्ताच नाही! म्हणून लिहायचे 'एस्पोझितो'. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. अर्थ, बाहेर ठेवलेला.

फ्लॉरेन्स शहरातही असंच घर होतं, ब्रुनेलेस्की या थोर वास्तुकाराच्या आराखड्यावर बांधलेलं. ते १४४५ मध्ये सुरू झालं. तिथे आलेल्या पहिल्या मुलीचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. या घराची एक गोष्ट मला फार हलवून सोडते. काही बाळांच्या कपड्यांत अर्धं तोडलेलं पदक सापडायचं. उरलेलं अर्धं आईजवळ! पुढे कधी दिवस पालटले, तर दोन तुकडे जुळवून 'हे माझंच बाळ' असं सांगता यावं म्हणून. ते तुकडे तिथल्या संग्रहालयात आजही बघायला मिळतात. या घराचं नाव इन्नोचेन्ती, म्हणजे निष्पाप, आणि तिथल्या मुलांचं आडनावही तेच पडलं.

पण नुसतं आडनाव ऐकून एखाद्याची सगळी हकीकत चारचौघांत कळावी, हे काही बरं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सचा राजा म्युरा याने बाळांना 'एस्पोझितो' आडनाव द्यायला बंदी घातली. १८७५ मध्ये तो पिंपही फिरायचा थांबला. तोवर या आडनावाची मुलं मोठी होऊन त्यांना नातवंडं-पतवंडं झाली होती. आडनाव आता घरोघरचं झालं होतं, आणि पुढे ते समुद्रापलीकडेही पोचलं. कॅनडाचा फिल एस्पोझिटो हा आइस हॉकीच्या एनएचएल स्पर्धेत एका हंगामात शंभर गुण मिळवणारा पहिला खेळाडू. त्याचा भाऊ टोनी गोलरक्षक. १९६८ मध्ये दोघे एकमेकांविरुद्ध उतरले, तेव्हा फिलने भावावरच दोन गोल चढवले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला!