कॅम्पस व्हाया लोकल

कॉलेज म्हटलं की काय आठवतं? मोठं गेट, झाडं, कट्टा! मीरा-भाईंदरमध्ये हे सगळं एकाच आवारात शोधू नका. इथली शंकर नारायण, रॉयल ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे डिग्रीवर नाव १८५७ सालच्या विद्यापीठाचं, राजाबाई टॉवर तिकडे फोर्टात आणि लेक्चर मात्र घराजवळ.

मग कट्टा? भाईंदर पूर्वेला खाडीकाठची जेसल पार्क चौपाटी आहे ना! सबमिशन संपलं की उत्तनचा किनारा. पॉकेटमनी संपला तर स्टेशनबाहेरचा वडापाव.

खरी कसोटी लागते ती एम.ए., एम.एस्सी.साठी कलिन्याला अॅडमिशन मिळाल्यावर. विरारहून भरून आलेल्या गाडीत भाईंदरला चढणं हा वेगळाच पेपर! जाणकार पोरं भाईंदरहूनच सुटणारी लोकल पकडतात आणि सांताक्रूझला उतरतात. विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू लायब्ररी आहे, हवा तसा मोकळा कॅम्पस आहे. पण शेवटच्या लेक्चरनंतर रेंगाळायचं, तर परतीची गर्दी डोळ्यांसमोर येते.

घराजवळ शिकलात तर वेळ वाचतो, लांब गेलात तर शहर भेटतं. त्यामुळे फॉर्म भरताना कटऑफबरोबर टाइमटेबलही बघा. कॉलेजचं आणि रेल्वेचंही!