मेंदूच्या तरंगांचा हिशेब

ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्-तरंगांचा आलेख, कागदावर काढण्याचा शिरस्ता होता त्या काळी आलेखाचा कागद सेकंदास ३० मिलिमीटर या गतीने सरकत असे. त्यामुळे २० मिनिटांच्या साध्या तपासणीतूनही ३६ मीटर लांबीची नोंद निघे, आणि तिची चळत पुढ्यात घेऊन, पानामागून पान उलटीत, कोठे एखादे टोकदार शिखर डोकावते काय, कोठे एका बाजूचा तरंग मंदावला आहे काय, हे केवळ नजरेने हेरण्यात मेंदूविकारतज्ज्ञाची अर्धी हयात जाई. ही नजर कमाईची खरी, पण ती ज्याची त्याची. एकाच आलेखावर दोन जाणत्यांचा अभिप्राय जुळेलच अशी हमी नसे. म्हणूनच मोजावे आणि आकड्यांनी बोलावे, ही आकांक्षा या विद्येच्या बाल्यापासूनची आहे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्जर यांनी मानवी मेंदूचे तरंग १९२४ साली प्रथम टिपले, १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी डीच नावाच्या संशोधकाने अशा आलेखांना फुरिए या फ्रेंच गणितज्ञाची पद्धती लावून पाहिली.

डोक्यावर ठरीव जागी १९ इलेक्ट्रोड चिकटवून जो विद्युद्दाब टिपतात तो व्होल्टाच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो, आणि त्यात मंद व द्रुत अशी अनेक कंपने एकवटलेली असतात. मिसळलेले धान्य लहानमोठ्या छिद्रांच्या चाळण्यांतून काढावे त्याप्रमाणे फुरिएचे गणित ती वेगळी करते: सेकंदास ४ हून कमी कंपने ती डेल्टा, ४ ते ८ ती थीटा, ८ ते १३ ती अल्फा आणि त्यापलीकडची बीटा. हाताने करू गेल्यास हे काम कारकुनांच्या फौजेलाही पुरून उरले असते. १९६५ साली कूली आणि टूकी या अमेरिकनांनी त्याची जलद रीत प्रसिद्ध केली आणि संगणकास ते सुकर झाले.

परंतु अमुक रुग्णाची थीटा इतकी भरली, एवढ्याने वैद्यास काही उमगत नाही. ती फार की थोडी हे ठरविण्यास निरोगी माणसांची मोजदाद हवी, आणि तीही वयवार. कारण लहान मुलाच्या आलेखात जे मंद तरंग स्वाभाविक, तेच जाग्या प्रौढाच्या आलेखात चिंतेचे कारण ठरतात. न्यूयॉर्कचे रॉय जॉन यांनी १९७७ मध्ये ‘न्यूरोमेट्रिक्स’ या नावाने हीच दिशा धरली. आजचे सॉफ्टवेअर रुग्णाचा आकडा त्याच्या वयाच्या निरोगी गटाच्या सरासरीशी ताडून पाहते, तो किती प्रमाण विचलने वर वा खाली आहे, म्हणजे त्याचा झेड-गुणांक काय, हे काढते, आणि मस्तकाच्या वर्तुळाकार नकाशावर ते रंगांनी मांडते: सरासरीजवळचे हिरवे, फार वरचे तांबडे, फार खालचे निळे.

या नकाशाचा मोह मोठा आहे. झेड-गुणांक २ च्या पलीकडे गेला याचा अर्थ एवढाच, की निरोगी माणसांतही शंभरात सुमारे ५ जणांचा आकडा सरासरीपासून इतका दूर पडतो. आता १९ जागा आणि डेल्टा ते बीटा हे ४ पट्टे मिळून ७६ आकडे होतात. त्यांतले तीन-चार निव्वळ योगायोगाने हद्दीबाहेर जायचेच. दोन-दोन जागांच्या तरंगांचा मेळ किती, हेही हे सॉफ्टवेअर काढते; १९ जागांच्या जोड्या १७१, चारी पट्ट्यांत मिळून ६८४, आणि त्यांतून तीसेक तांबड्या-निळ्या रेघा धडधाकट माणसाच्याही पदरी पडू शकतात. सांख्यिकी जाणणारा यासाठी कसोटी कडक करतो. माल विकणारा ते सांगेलच असे नाही.

त्याहून दगा देते ती मूळ नोंदीतील भेसळ. डोळ्याचा गोल स्वतःच विद्युतभारित असतो, पुढून धन आणि मागून ऋण. पापणी लवली की कपाळावरील इलेक्ट्रोडांत एक मोठी, संथ लाट उठते, गणित ती डेल्टाच्या खाती जमा करते आणि नकाशात कपाळ तांबडे होते. रुग्णाने दात आवळले की कानशिलाच्या स्नायूंची थरथर बीटा म्हणून नोंदली जाते. त्याला डुलकी लागली की अल्फा ओसरून थीटा वाढते. चिंतेवरील कित्येक गोळ्यांनीही बीटा वाढते. असले सेकंद एकेक करून वगळल्यावर वीस मिनिटांतून कधी कधी एक-दोन मिनिटांचाच स्वच्छ ऐवज हाती उरतो, आणि मला विचाराल तर या सबंध प्रकरणातले खरे कौशल्याचे काम हेच. त्यापुढचे गणित यंत्र बिनतक्रार करते.

अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी १९९७ साली याविषयी स्पष्ट अभिप्राय दिला: हे विश्लेषण ईईजी वाचण्यात मुरलेल्या डॉक्टरानेच, मूळ आलेखाच्या जोडीने वापरावे, अपस्मार, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता यांत त्याचा उपयोग आहे, डोक्याच्या किरकोळ दुखापतीत वा अध्ययन-अक्षमतेत निदानाची भिस्त त्यावर ठेवू नये, आणि कोर्टकचेरीत तर ते आणूच नये. मुलांच्या अवधानदोषासाठी थीटा-बीटा गुणोत्तर मोजणाऱ्या उपकरणास अमेरिकी सरकारने २०१३ मध्ये परवानगी दिली, तीही डॉक्टरी तपासणीस पूरक म्हणून. तीनच वर्षांनी मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने त्या गुणोत्तरावर विसंबून निदान करू नये असा सल्ला दिला. आपल्याकडे पुण्याच्या न्यायालयात २००८ साली एका खुनाच्या खटल्यात मेंदूतरंगांच्या चाचणीचा आधार घेतला गेला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीवाचून करण्यास मनाई केली.

अतिदक्षता विभागात मात्र या सॉफ्टवेअरने आपले मोल निर्विवाद सिद्ध केले आहे. बेशुद्ध रुग्णाला हातपाय न हलता अपस्माराचे झटके येत असतात, आणि ते ईईजीवाचून कळत नाहीत; पण चोवीस तासांची नोंद म्हणजे दहा सेकंदांची ८,६४० पाने, ती कोणी वाचावी? सॉफ्टवेअर काल आडवा, कंपनसंख्या उभी आणि शक्ती रंगात अशी ती सगळी एका पट्टीत आवळते. झटका आला तेथे ज्वाळेसारखा रंग वर चढलेला दिसतो. डॉक्टर त्या जागी बोट ठेवून त्या क्षणाची मूळ पाने उघडतात आणि मगच औषध वाढवतात. कारण कफ सुटावा म्हणून परिचारिकेने रुग्णाची पाठ तालात थोपटली, तरी पट्टीवर बहुधा तसाच रंग उमटतो.