पंचवीस मिनिटं

भुईंज मागे पडलं आणि माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं. दिवसातलं दुसरं पंक्चर. बरोबर घेतलेली एकुलती एक स्पेअर ट्यूब दुपारी नागठाण्यापाशीच खर्ची पडली होती. पॅच होते, पण सोल्युशनची ट्यूब उघडली तर आतलं सगळं वाळून खडखडीत. संध्याकाळचे साडेसात. पुण्याहून निघून, उंब्रजच्या पुढे जाऊन परत फिरलेलो. दोनशे दहा किलोमीटर झाले होते, नव्वद उरले होते.

मागून एक दिवा आला आणि थांबला.

‘काय झालं?’

‘पंक्चर. ट्यूब संपल्या.’

‘साइज?’

‘सातशे बाय पंचवीस.’

साठीच्या आसपासचे गृहस्थ. त्यांनी नाव विचारलं नाही, मीही नाही. सीटखालच्या पिशवीतून ट्यूब काढली, पण माझ्या हातात दिली नाही. ‘अहो, आधी तार शोधा. नाहीतर हीसुद्धा जाईल.’ हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या केसाएवढ्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरात घुसून बसतात, दिसत नाहीत. ते दिवा धरून उभे राहिले आणि मी टायरच्या आतून बोट फिरवत राहिलो. दुसऱ्या फेरीत बोटाला टोचलं. तार नखाने निघेना, शेवटी त्यांच्या पकडीने निघाली. मग ट्यूब, मग हातपंप, आळीपाळीने. एकूण पंचवीस मिनिटं गेली.

ही पंचवीस मिनिटं किती मोठी, हे कळायला बीआरएमचा हिशोब माहीत हवा. बीआरएम म्हणजे ‘ब्रेव्हे दे रँडोनर मोंदियो’; ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत संपवायचं: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. चारही एका हंगामात जमली की माणूस ‘सुपर रँडोनर’, म्हणजे आमच्या भाषेत ‘एसआर’. वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्का मारायला कोणी नसेल तर एटीएमची पावतीही चालते. घरच्यांनी गाडी घेऊन मागे यायचं नाही. मदत घ्यायचीच तर कंट्रोलवर. दोन कंट्रोलच्या मध्ये तुम्ही आणि तुमच्यासारखेच दमलेले इतर.

तीनशेला वीस तास म्हणजे ताशी पंधराचा वेग. ऐकायला किरकोळ वाटतो. पण घाट, जेवण, लघवी, पंक्चर, डुलकी सगळं त्यातच. म्हणून सरळ रस्त्यावर जरा जोर लावून वेळ शिल्लक टाकायची. तिला आम्ही ‘बँक’ म्हणतो. सहाला निघालेल्या माणसाची दोनशे दहाव्या किलोमीटरला मुदत रात्री आठची. माझ्या बँकेत अर्धा तास होता. ते माझ्याच मागे होते, म्हणजे त्यांच्याही बँकेत फार तर तेवढाच. त्यातली पंचवीस मिनिटं त्यांनी अनोळखी माणसाच्या चाकात घातली.

या प्रकाराचा उगम इटलीतला. 1897 मध्ये काही सायकलस्वार एका दिवसाच्या उजेडात रोमहून नेपल्सला गेले. धाडसी म्हणून त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले. पुढे आंरी देग्रांजने, म्हणजे ज्याने 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली त्यानेच, 1904 मध्ये हे खूळ फ्रान्सात आणलं. तेव्हाच्या पद्धतीत सगळ्यांनी एकत्र चालवायचं, वेग कॅप्टन ठरवणार. 1921 पासून ऑडॅक्स क्लब पॅरिसियँने ज्याच्या त्याच्या वेगाने चालवायची मुभा दिली. आज जगभरच्या बीआरएम या क्लबच्या नियमांनी चालतात, आपल्याकडच्याही. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. एकत्र राहायची सक्ती गेली; आता कोणासाठी थांबलात तर ते तुमच्या मर्जीने, तुमच्या खिशातून.

या मंडळींची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. 1891 मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली आणि शार्ल तेरों 71 तास 22 मिनिटांत जिंकला. आता ती शर्यत नाही. दर चार वर्षांनी ऑगस्टात भरते, आणि वाटेवरच्या गावांतले लोक घरासमोर टेबल मांडून रात्री-अपरात्री पाणी, कॉफी, खाऊ देतात. आषाढीला वारीच्या वाटेवरची गावं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2019 मध्ये आपल्या देशातून शेकडो जण गेले होते.

हे सगळं गोडच आहे असं नाही. सुरुवातीच्या रेषेवर आधी सायकल पाहतात, मग माणूस. कार्बनची फ्रेम असलेल्यांचा घोळका वेगळा उभा राहतो. बायका अजून फार कमी. रात्रभर हायवेवर चालवायचं म्हणजे सोबत कोण, हा प्रश्न त्यांना पहिला पडतो आणि तो अगदी रास्त आहे. काही जण तर तासभर दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून वारा चुकवतात आणि शेवटी आभार न मानता पुढे सटकतात.

पण ते चिकटणं हीच या दोस्तीची शाळा. पुढच्याने वारा अंगावर घेतला की मागच्याची ताकद चांगलीच वाचते, मात्र त्यासाठी हातभर अंतरावर राहावं लागतं. इतक्या जवळून रस्ता दिसत नाही, फक्त पुढचा टायर दिसतो. पुढच्याने खड्ड्याकडे बोट दाखवलं नाही तर तुम्ही त्यात. म्हणजे नाव कळायच्या आधी विश्वास टाकावा लागतो.

खंबाटकीच्या बोगद्याआधीचा चढ आम्ही असाच काढला, ट्यूब देणारे काका पुढे, मी मागे. शिरवळला काकांच्या पोटरीत गोळा आला. धाब्यावर मीठ-लिंबू-पाणी घेतलं, तिथेच बाजेवर त्यांचा पाय ताणून धरला. ‘तुम्ही व्हा पुढे,’ ते दोनदा म्हणाले. मी म्हणालो, ‘काका, तार कोणाच्या पकडीने निघाली?’ तिथून पुढे वारा माझ्या अंगावर. नीरेचा पूल, खेड शिवापूर, मग कात्रजचा चढ. बोलणं जवळजवळ नाहीच. ‘खड्डा’, ‘गाडी’, ‘हळू’. तास-दीड तासाने मी मागे न बघता विचारायचो, ‘आहात ना?’ आणि मागून उत्तर यायचं, ‘आहे, आहे.’

कात्रज उतरून पुण्यात शिरलो तेव्हा रस्त्यावर फक्त कुत्री होती. शेवटच्या कंट्रोलवर दोन पोरं ब्लँकेट पांघरून बसली होती. त्यांनी कार्डं मागितली, आणि तेव्हा कुठे मी काकांच्या कार्डावर त्यांचं नाव वाचलं.

बीआरएमला पहिला-दुसरा नंबर नसतो. आमच्या यादीत नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लागतात. काकांचं वर, तिसरं-चौथं. माझं पार तळाला. मध्ये पन्नासएक माणसं. आणि दोघांच्या नावांपुढे वेळ: 19 तास 41 मिनिटं.