टाच, चवडा आणि छाणीचा विहार

छाणी आता बडोद्यात मिसळून गेलं आहे, पण जैन समाजात या गावाची ओळख दीक्षांमुळे आहे. इथे दीक्षा घेतलेल्यांपैकी एक मुनी पुण्यविजय, मूळचे कपडवंजचे. त्यांची दीक्षा १९०९ साली छाणीत झाली. पुढे १९५०च्या सुमारास जेसलमेरच्या ग्रंथभांडारातली हस्तलिखितं लावायला ते गेले, तेही पायीच, कारण जैन साधूला वाहन आणि पायताण दोन्ही वर्ज्य. असं आयुष्यभर चालणाऱ्या पावलात नेमकं काय घडत असतं?

एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत तो पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. मध्ये दोनदा दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात. धावताना हा काळ उरतच नाही. चालणं आणि धावणं यांतली सीमारेषा वेगात नसून इथे आहे. चालताना शरीर टेकलेल्या पायावरून कमानीसारखं वर चढतं आणि पुढे कलतं. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना परत मिळते, म्हणून म्हातारी माणसंही कोसच्या कोस चालतात.

खरी गंमत पावलात आहे. टाच टेकताना ते सैल पडतं, खडबडीत जमिनीशी जुळवून घेतं. क्षणभराने त्यालाच ताठ होऊन सगळं शरीर पुढे ढकलायचं असतं. बोटं वर वळली की तळव्याखालचा तंतूंचा पट्टा रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि पावलाची कमान उंचावते. हे हिक्स या संशोधकाने १९५४ साली दाखवून दिलं. शेवटचा रेटा पोटरीचा. तो टाचेमागच्या जाड कंडरेतून येतो.

मग बूट कशाला? राव आणि जोसेफ या संशोधकांनी १९९२ साली २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पायताण घालणाऱ्यांत सपाट पावलं ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. २०१९ साली केनियातल्या अभ्यासातही दिसलं, की अनवाणी माणसांच्या तळव्याची कातडी जाड होते, पण स्पर्शाची जाण बोथट होत नाही. वारीत अनवाणी चालणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

तरी अनवाणीपणाचं गुणगान मला पटत नाही. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल, तर टोचलेला काटा कळतही नाही आणि साधी जखम चिघळते. अशा माणसाने घरातसुद्धा चप्पल घालावी. शिवाय हे पाऊल घडलं मातीवर, आणि आज साधू-साध्वींच्या वाट्याला येतं ते तापलेलं डांबर. दिवाळीनंतर कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाचा एका जागचा मुक्काम संपतो आणि विहार, म्हणजे त्यांचे पायी प्रवास, पुन्हा सुरू होतात. छाणीजवळूनच मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, आणि ट्रकच्या धक्क्यापुढे पावलाची कुठलीच कमान चालत नाही. तिथे हवी ती पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट.