पालिसीची माती, रदाँचा कोळसा

निसर्गाला रूप देणारे मातीचे शिल्प आणि कोळशाचे रेखाटन ही दोन्ही अग्नीच्या कृपेनेच सिद्ध होतात. कारण माती भट्टीत भाजून कठीण होते, आणि विलोची किंवा द्राक्षवेलीची काडी हवा लागू न देता बंद पात्रात तापविली, म्हणजे तिच्यातील पाणी व इतर उडून जाणारी द्रव्ये निघून मागे बहुतांशी कार्बनच उरतो. या दोन माध्यमांत सृष्टीचा ध्यास घेतलेले दोन कलावंत, तीन शतकांच्या अंतराने का होईना, फ्रान्सच्या एकाच नैर्ऋत्य भागात वावरले, हा योग मला विलक्षण वाटतो.

त्यांपैकी बेर्नार पालिसी हा सोळाव्या शतकात सँत या गावी राहणारा, काचेवर चित्रे रंगविणारा आणि प्रसंगी सरकारी हुकुमावरून मिठागरांची मोजणी करणारा कारागीर. पांढऱ्या झिलईचा एक सुंदर प्याला त्याच्या दृष्टीस पडला, आणि तशी झिलई साधण्याच्या निश्चयाने त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे व संसाराची सारी पुंजी भट्टीत घातली. एकदा जळण संपले तेव्हा बागेतले खांब, आणि तेही पुरेनात तेव्हा घरातली मेजे व जमिनीच्या फळ्या त्याने जाळल्या, असे त्याने स्वतःच १५८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

या तपश्चर्येतून निघालेली त्याची लंबगोल तबके जवळून पाहावीत. मध्ये बेटासारखा उंचवटा, त्यावर वेटोळे घातलेला साप, भोवती पोहणारे मासे, आणि काठावर नेचे, शिंपले, बेडूक व सरडे. हे जीव खऱ्या प्राण्यांवरून साचे घेऊन घडविलेले असल्याने सापाचे खवलेही वेगवेगळे दिसतात. आणि तांब्याने हिरवी, कोबाल्टने निळी, मँगनीजने तपकिरी केलेली शिशाची झिलई त्यांवरून अशी ओघळते की, सारे तबक नुकतेच ओढ्यातून काढल्याप्रमाणे ओले भासते. साचा घेतला तर कला कोठे राहिली, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही रचना आणि हा ओलेपणा कोणत्या साच्यातून निघतो ते सांगावे. शिवाय मातीत शिंपल्यांचे ठसे उमटविणाऱ्या याच माणसाने खडकांत सापडणारे शंखशिंपले हे एकेकाळी जिवंत असलेल्या प्राण्यांचेच अवशेष होत, असे त्या काळी ठामपणे प्रतिपादिले. राणी कॅथरिन द मेदिचीच्या मेहेरनजरेने पॅरिसमधील त्विलरीच्या उद्यानासाठी गुहा रचणारा हा पुरुष पुढे आपल्या प्रॉटेस्टंट श्रद्धेपायी बास्तीलच्या कैदेत मरण पावला.

ओदिलाँ रदाँ १८४० साली बोर्दो येथे जन्मला. मेदॉक प्रांतातील एकाकी मळ्यावर त्याचे बालपण गेले, आणि तारुण्यात आर्माँ क्लाव्हो या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सहवासात वनस्पती व प्राणी यांच्या सीमेवरील सूक्ष्म जीवांचे कुतूहल त्याच्या मनात जागे झाले. त्याची रीत पालिसीच्या उलट होती. एखादा खडा किंवा गवताचे पाते तो अत्यंत निष्ठेने, बारकाव्यांसह उतरवून घेई, आणि त्या श्रमाने कल्पना तापली म्हणजेच मनातले चित्र काढू लागे. कोळसा कागदाच्या खडबडीत पृष्ठात अडकतो, बोटाने पसरतो, पुसल्यास प्रकाश होतो. या गुणांचा पुरेपूर उपयोग करून त्याने १८८१ साली गोल, केसाळ, काळाभोर देहाचा आणि माणसासारखे दात दाखवीत हसणारा एक कोळी रेखाटला. तो भयंकर असूनही खोटा वाटत नाही, याचे श्रेय मी त्या खड्याला आणि त्या पात्याला देतो.

पॅरिसला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती की, लूव्हरमध्ये चित्रांच्या दालनांपाशीच न थांबता पालिसीच्या नावावर नोंदलेली पात्रेही अवश्य पाहावीत. मात्र त्याच्या अनुयायांनी आणि एकोणिसाव्या शतकातील अनुकरणकारांनी तशीच पुष्कळ पात्रे घडविल्यामुळे अस्सल कोणते, हा वाद जाणकारांतही आहे. रदाँची चित्रे सेनच्या पैलतीरी ओर्से संग्रहालयाच्या संग्रहात आहेत; पण कागदाला प्रकाश सोसत नसल्याने कोळशाची चित्रे फार काळ भिंतीवर ठेवीत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करूनच जावे.