पाहुण्यांची मुले आणि यजमानाची भिंत

पावसाळा लागला म्हणजे मुंबई, ठाणे व नाशिक येथील मंडळींस जव्हार-मोखाड्याची आठवण होते. दाभोसा येथील धबधबा पाहावा, जव्हारास मुकणे राजघराण्याचा जयविलास वाडा पाहावा, आणि जमल्यास पोशेऱ्यासारख्या एखाद्या गावी ओळखीच्या कुटुंबाकडे दोन घटका टेकून नागलीची भाकरी खावी, असा हा बेत असतो. बेत उत्तम आहे. त्याविरुद्ध आम्हांस काही एक लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते या मंडळींबरोबर येणाऱ्या मुलांविषयी, आणि खरे म्हणजे मुलांविषयीही नव्हे, तर मुलांचे प्रताप पाहत शेजारी हसत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी.

प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे. मंडळी ओटीवर टेकतात न टेकतात तोच मूल घरात शिरते. कुडाच्या भिंतीचा गिलावा एका जागी फुगलेला दिसतो. तो नखाने उकरून पाहण्याचा मोह त्यास आवरत नाही. कणगीस काठीने भोक पडते आणि नागली भुईवर सांडू लागते. अंड्यांवर बसलेली कोंबडी उठविली जाते. खुंटीवरील बोहाड्याचा मुखवटा, ज्यास त्या घरचे लोक नमस्कार करून हात लावतात, तो खेळणे म्हणून खाली ओढला जातो. यावर आईचे म्हणणे एवढेच की, "लहान आहे हो!" आणि यजमानाचे उत्तर ठरलेले की, "असू द्या, असू द्या!" या दोन वाक्यांत सर्व प्रकरण मिटते. निदान पाहुण्यांच्या बाजूने तरी मिटते.

उन्हाळ्याच्या सुटीत येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांकडून याहून साधा एक अपराध घडतो. तो म्हणजे पाण्याचा हंडा लवंडणे. शहरात हंडा लवंडला तर फडक्याने फरशी पुसली की झाले. मोखाडे तालुक्यात पाऊस मुबलक पडतो, परंतु तो डोंगरउतारावरून वाहून जातो, आणि चैत्र-वैशाखात कित्येक पाड्यांवर बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते, नाही तर टँकरची वाट पाहत बसावे लागते. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा हा जलाशय याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. म्हणजे ज्या नदीचे पाणी नळावाटे पाहुण्यांच्या घरी चोवीस कोसांवर बिनबोभाट पोचते, तिच्याच खोऱ्यातील बाईने डोक्यावरून आणलेला हंडा पाहुण्यांचे चिरंजीव पायाने उडवितात, आणि त्यावर सर्वांनी हसावयाचे! ती बाई काही बोलत नाही. ती रिकामा हंडा उचलते व पुन्हा वाटेस लागते. पाहुण्यांच्या ध्यानात एवढेच राहते की, येथील लोक स्वभावाने फार गोड आहेत.

आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत, म्हणून हा विषय त्यांच्याच भाषेत मांडून पाहू. दुकानात काचेची बरणी फुटली तर ती नुकसानीच्या खात्यास पडते. कोणी फोडली, भरपाई कोणाकडून घ्यावयाची, की सोडून द्यावयाची, हे त्याच दिवशी ठरते. आदिवासी घरातील कूड मात्र कोणाच्याच वहीत नाही. त्यास किंमत नाही, असा जो आपला समज, त्याचे कारण एवढेच की तो बाजारात विकत मिळत नाही. वास्तविक कारवीच्या काठ्या तोडून आणणे, त्या विणून उभ्या करणे, माती व शेण कालवून दोन्ही अंगांनी लिंपणे, वाळल्यावर गेरूचा हात देणे, हे घरच्या माणसांचे कित्येक दिवसांचे काम आहे. वारली घरी लग्न झाले असेल तर याच भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला असतो. ही चित्रकला जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून परदेशी नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही लाभले. तेच चित्र कापडावर काढून काचेत बसविले म्हणजे शहरातील दिवाणखान्यात त्यास बोट लावण्याची मुलास सक्त मनाई असते. मूळ भिंतीवर मात्र त्यास पाची बोटे मोकळी! आणखी एक गोष्ट पाहुण्यांस ठाऊक नसते. ओला गिलावा सुकण्यास ऊन लागते. पाहुणे येतात आषाढ-श्रावणात, आणि त्या दोन महिन्यांत येथे ऊन बेताचेच. तेव्हा पाच मिनिटांच्या गमतीने पडलेले भोक बुजावयास पाऊस उघडण्याची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत त्यातून झड आत येते.

आईबापांस याबद्दल कोणी हटकलेच, तर अलीकडे एक विद्वत्तापूर्ण उत्तर मिळते. मुलास अडवू नये, त्याच्या मनाचा कोंडमारा होतो, नव्या शिक्षणशास्त्राचे असेच सांगणे आहे, इत्यादी. मुलांस मारू नये हे आम्हांसही मान्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारहाण बंद केली हे फार चांगले झाले. परंतु मारणे निराळे आणि आवरणे निराळे. नव्या शिक्षणशास्त्राचा दाखला देणाऱ्यांनी ते शास्त्र कोठे व कशासाठी जन्मले, हे एकदा पाहावे.

रोम शहरात सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. तेथील मोडक्या चाळी एका गृहनिर्माण कंपनीने ताब्यात घेऊन दुरुस्त केल्या व कामकरी कुटुंबांस भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात. शाळेच्या वयास न आलेली मुले जिन्यांतून हिंडत व नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. दुरुस्तीचा हा खर्च दरसाल सोसण्यापेक्षा त्याच पैशांत या मुलांसाठी चाळीतच एक खोली चालवावी, असे कंपनीचे प्रमुख तालामो यांच्या मनात आले, आणि ते काम त्यांनी मारिया माँटेसोरी या डॉक्टरीणबाईंवर सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते बालगृह उघडले. आज जगभर ज्या पद्धतीचे नाव निघते तिचा आरंभ हा असा मुलांनी केलेल्या नासधुशीतून झाला आहे. बाईंनी मुलांस मोकळीक दिली हे खरे. परंतु जेथे दुसऱ्यास उपद्रव होतो तेथे ती संपते, हेही त्यांनी लिहून ठेवले. मुलांच्या हाती त्यांनी मुद्दाम काचेची व चिनीमातीची भांडी दिली, कारण फुटणारी वस्तू सांभाळूनच हात सांभाळण्यास शिकतो. आणि आईबापांसाठी भिंतीवर नियम लावले: मुले स्वच्छ पाठवावी, बाईंचा मान ठेवावा, आठवड्यातून एकदा येऊन मुलाविषयी बोलावे, जे हे पाळणार नाहीत त्यांच्या मुलांस दार बंद.

हे शास्त्र आपल्याकडे आले ते गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून, आणि तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ते १९४५ साली बोर्डीस व १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या याच पालघर जिल्ह्यात, वारल्यांच्या अंगणात आणून बसविले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, माती, काटक्या अशा फुकटच्या वस्तूंनी मुलांस शिकविले. मारणे तेथे वर्ज्य होते, तशी नासाडीही वर्ज्य होती; शिकविण्याचे साहित्य गोळा करण्यास श्रम पडत आणि ते श्रम मुलांच्याही हातचे असत. ज्या जिल्ह्यात या दोन स्त्रियांनी आपले आयुष्य वेचले, त्याच जिल्ह्यातील घराची भिंत त्यांच्या शास्त्राच्या नावाने उकरली जावी, हा प्रकार आम्हांस थट्टेसारखा वाटतो.

परंतु हे शास्त्राचे उत्तर मुळातच खोटे आहे, आणि त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. तेच मूल बापाच्या वरिष्ठांच्या घरी नेऊन पाहावे. दारातून आत जाण्यापूर्वी त्यास तीन वेळा बजावले जाते. आत गेल्यावर ते आईच्या मांडीला चिकटून बसते. त्याने फुलदाणीकडे नुसते पाहिले तरी बापाचा डोळा वटारला जातो. तेथे कोंडमाऱ्याची भीती कोणास वाटत नाही! तेव्हा मुलास आवरता येत नाही हे खरे नव्हे, आणि आवरणे वाईट असे यांस वाटते हेही खरे नव्हे. कोठे आवरावयाचे आणि कोठे सोडावयाचे याचा हिशेब आईबाप मनात बिनचूक करतात, आणि तो हिशेब यजमानाच्या ऐपतीवरून होतो. ज्या घराशी पुढे काम पडणार आहे तेथे मूल शहाणे असते. ज्या घराचा राग-लोभ आपणांस शिवणार नाही तेथे ते लहान असते. मुलेही हा धडा आपणांस वाटतो त्याहून लवकर शिकतात. कूड फोडण्यास त्यांस कोणी शिकवीत नाही. पण कोणाचा फोडावा, हे त्यांस आपणच शिकवितो.

सान लोरेन्झोत घरमालक धनिक होता व मुले गरिबांची होती, म्हणून तेथे नियमांची पाटी लागू शकली. येथे घर गरिबाचे व मुले संपन्नांची. पाटी कोणी लावावयाची?

कायद्याची मदत यात थोडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणे सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध होत नाही. जुन्या दंडसंहितेतही हेच होते, आणि ते योग्यच आहे. दिवाणी दाव्यात बाप केवळ बाप म्हणून जबाबदार धरला जात नाही. त्याची स्वतःची हयगय फिर्यादीने दाखवावी लागते. जर्मनीत १९०० साली अमलात आलेल्या दिवाणी संहितेने हे ओझे उलट बाजूस टाकले आहे. मुलावर लक्ष ठेवण्यात आपण कसूर केली नाही, हे तेथे पालकाने दाखवावे, नाही तर भरून द्यावे. हा विचार आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. तथापि कणगीच्या भोकासाठी पोशेऱ्याचा माणूस कोर्टाची पायरी चढेल, असे कोणीही मानणार नाही. म्हणून जे करावयाचे ते ओटीवरच करावयास हवे.

यजमानास आमची पहिली विनंती ही की, "असू द्या" हे शब्द निदान प्रथम उच्चारू नयेत. पाहुण्यास देव मानण्याची आपली रीत जुनी आहे, परंतु पाहुण्याच्या मुलास भिंत खावयास द्यावी असे त्या रीतीत कोठेही सांगितलेले नाही. राग येईपर्यंत थांबू नये; भिंतीस पहिले नख लागले त्याच क्षणी आईबापांकडे न पाहता मुलासच जवळ बोलावून, "बाळ, ही भिंत आम्ही हातांनी केली आहे, तिला हात लावायचा नाही," असे शांतपणे सांगावे. परक्या माणसाचे सौम्य बोलणे मूल पुष्कळदा आईपेक्षा अधिक ऐकते. मग त्यास काही काम द्यावे. सुपातली नागली निवडणे, कोंबड्यांस दाणे टाकणे, लहानशी कळशी घेऊन घरच्या मुलांबरोबर पाण्यास जाणे, यांत शहरी मूल तासभर रमते. जी कुटुंबे पैसे घेऊन पाहुण्यांची सोय करतात त्यांनी तर मोडतोडीचा आकार जेवणखाणाच्या दराबरोबरच आधी सांगून टाकावा. त्यात संकोच कसला? आमचे व्यापारी वाचक भाव ठरविल्याखेरीज पोते उचलीत नाहीत.

पाहुण्यांनी गावात शिरण्यापूर्वी गाडीतच मुलांस सांगावे की, आपण कोणाच्या तरी घरी जात आहो. ते प्रदर्शन नव्हे. ओटीवर बसताच घरच्या बाईंस विचारावे की, येथे कशास हात लावू नये. देव्हारा, मुखवटा, बियाण्याचे मडके, चूल, ही स्थळे बाहेरच्यास ओळखता येत नाहीत, आणि विचारण्यात कमीपणा नाही. आणि इतके करूनही काही फुटले तर किंमत विचारून तेथल्या तेथे द्यावी. नको म्हटले तरी द्यावी. खाऊसाठी म्हणून घरच्या पोराच्या हातावर नोट टेकवून नव्हे, तर घरच्या माणसांस भरपाई म्हणून सांगून. पहिल्या प्रकारात आपण दाते होतो, दुसऱ्यात देणेकरी; आणि या प्रसंगी आपण देणेकरीच असतो. मूल पाचसहा वर्षांचे असेल तर सांडलेली नागली त्याच्याकडूनच वेचून घ्यावी, मग त्यास अर्धा तास लागो आणि धबधबा पाहावयास उशीर होवो. भिंत उकरली असेल तर घरच्या बाईंच्या परवानगीने शेणमातीचा एक गोळा त्याच्या हाती द्यावा. तो गिलावा पावसात नीट वाळणार नाही, दिवाळीच्या सुमारास पुन्हा करावाच लागेल, हेही त्यास सांगावे, आणि जमल्यास तेव्हा त्यास घेऊन यावे.