कोठीतली गोळी झोपायच्या घरात नको

रब्बीची सुगी उरकली की ज्वारी-गहू वाळवून कोठीत भरायची घाई सुरू होते. सोंडे लागू नयेत म्हणून कोणी कडुनिंबाचा पाला घालतो, कोणी राख. पण बऱ्याच घरांनी याहून सोपी वाट धरली आहे. कुठून तरी करड्या गोळ्या मिळवायच्या, फडक्यात बांधायच्या, पोत्यांत खोचायच्या आणि त्याच खोलीत रात्री अंथरूण टाकायचं. काही भागांत या गोळीला 'सल्फास' म्हणतात. तिचं खरं नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. आजचा लेख या गोळीबद्दल आहे. घरातल्या बायामाणसांनाही तो वाचून दाखवा, कारण कोठीपाशी वावर त्यांचाच जास्त असतो.

गोळीतलं विष दाण्याला लागतं आणि तो दाणा खाऊन किडा मरतो, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. गोळी हवेतला आणि धान्यातला ओलावा ओढते व तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. काही तासांत सुरुवात होते आणि पुढं कित्येक दिवस ते चालू राहतं. किडा मरतो तो या वायूनं, आणि मागं उरते करडी राख. मोठी चपटी गोळी ३ ग्रॅमची असते, तिच्यातून १ ग्रॅम वायू निघतो. मण्यासारखी लहान गोळी ०.६ ग्रॅमची, तिच्यातून ०.२ ग्रॅम. म्हणजे पाच लहान गोळ्यांची एक मोठी झाली. लहान गोळी तर लवकर विरते, त्यामुळं तिला किरकोळ समजू नका.

एक ग्रॅम म्हणजे किती, असं वाटेल. हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली आहे आणि थंडीमुळं दारं-खिडक्या बंद आहेत. दोन मोठ्या गोळ्यांचा सगळा वायू त्या खोलीत कोंडला, तर हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ५० भाग फॉस्फिन होतो. जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळी हीच. कारखान्यातल्या धडधाकट कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ०.३ भाग धरली जाते. आपल्या खोलीत मात्र तान्हं मूल असतं, म्हातारी माणसं असतात, आणि ती तिथं रात्रभर असतात.

"साहेब, वास आला की आम्ही बाहेर निघतो," असं गावोगाव ऐकू येतं. या भरवशावर राहू नका. शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा जो वास येतो, तो त्यातल्या इतर अंशांचा. तो जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा बहुधा मागं पडलेली असते, आणि झोपलेल्या माणसाला तर तो जाणवतही नाही. हा वायू हवेपेक्षा थोडाच जड असल्यानं कोपऱ्यात साचून बसत नाही. फटीतून, कौलाखालून, सामाईक भिंतीच्या भेगेतून तो शेजारच्या घरात जातो. गोळ्या एकाच्या आणि त्रास दुसऱ्याला, असंही होऊ शकतं.

सोलापूर-मराठवाड्याकडच्या जुन्या मंडळींना पेव आठवत असेल. पेवात उतरण्याआधी कंदील खाली सोडायचे. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. रीत शहाणपणाची होती, कारण पेवात प्राणवायू संपलेला असे. फॉस्फिनच्या बाबतीत मात्र ती उलटते. माणूस मरेल एवढा वायू असूनही दिवा जळतच राहतो. आणि वायूचं प्रमाण १.८ टक्क्यांच्या आसपास गेलं तर ज्योतीनं भडका उडतो. तेव्हा गोळ्या टाकलेल्या जागी कंदील, विडी, चूल काही नको.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. गोळ्या सांडल्या की धुऊन काढाव्यात असं कोणालाही वाटेल. पण पाणी पडताच सगळा वायू एकदम सुटतो. ही चूक शिकल्या-सवरल्या देशांतही होते. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ॲमरिलो गावी जानेवारी २०१७ मध्ये घराखाली टाकलेलं हेच औषध पाण्यानं धुवायचा प्रयत्न झाला आणि त्या घरातली चार मुलं दगावली. त्याच देशात युटा राज्यातल्या लेटन इथं फेब्रुवारी २०१० मध्ये बिळांतल्या उंदरांसाठी घराबाहेर अंगणात गोळ्या टाकल्या होत्या. वायू घरात शिरला आणि दोन लहान बहिणी गेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारनं वस्तीत बिळांसाठी या गोळ्या वापरायला बंदी केली आणि इतर ठिकाणी इमारतीपासून १०० फूट अंतर ठरवून दिलं. आपल्याकडं गोठ्याच्या, परसाच्या बिळांत गोळ्या टाकणाऱ्यांनी हे अंतर आपल्या अंगणात मोजून पाहावं.

आता आजाराकडं वळू, कारण घोटाळा होतो तो इथंच. डोकं दुखणं, मळमळ, उलट्या, पोटात कळ, छातीत दाटल्यासारखं होणं, धाप, चक्कर ही याची लक्षणं. घरातल्या सगळ्यांना एकदम उलट्या झाल्या की शिळं खाल्लं असेल असं म्हणतात. सलाईन लावून घरी आणतात आणि आजाऱ्याला निजवतात पुन्हा त्याच खोलीत! घरात गोळ्या असतील तर हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. या विषावर उतारा नाही. हृदयावर त्याचा घाव बसतो, उपचार लक्षणांप्रमाणे करावे लागतात आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सगळ्यांना उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. गोळ्यांचा डबा गाडीत घेऊ नका, लेबलचा मोबाईलवर फोटो काढून न्या. खोलीत कोणी बेशुद्ध असेल तर आधी दारं-खिडक्या बाहेरून उघडा. तोंडाला ओला पंचा बांधून आत धावण्याचा काहीही उपयोग नाही, फडक्यानं हा वायू अडत नाही.

मग वखारीत हे औषध चालतं कसं? तिथं माणसं झोपत नाहीत, हा पहिला फरक. थप्पीवर वायू न जाणारं आवरण घालतात, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात, आठवडाभर दाराला कुलूप आणि धोक्याची पाटी असते. नंतर हवा खेळवून, मोजून मगच माणूस आत जातो. कायदाही तसाच आहे. ही गोळी फक्त सरकारी संस्थांना व मान्यताप्राप्त कीडनियंत्रण चालकांनाच विकता येते, वापरही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हायला हवा. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. तरी कुठं कुठं गोळ्या सुट्या, कागदाच्या पुडीत मिळतात. पोत्याला किती गोळ्या, हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. राहत्या घरासाठी प्रमाण नसतंच.

दाणा कोरडा असेल तर गोळीची गरजही फारशी पडत नाही. किडीचं मूळ ओलाव्यात आहे. धान्य इतकं वाळवा की दाताखाली कट्‌ असा आवाज आला पाहिजे, म्हणजे ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत. कडधान्य याहून थोडं जास्त वाळवा. कोठी रिकामी करून उन्हात तापवा, जुनं बारदान उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, जुन्या धान्यावर नवं ओतू नका. घरच्या गव्हाला एरंडेलाचा हात लावायची रीत चांगली आहे. तुरीला, हरभऱ्याला किलोमागं साधारण ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळलं तरी भुंगेऱ्याची वाढ थांबते. जास्त धान्य असेल तर हवाबंद पिशव्या घ्या. तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून किडे मरतात. मात्र ओलसर धान्य त्यात भरलं तर बुरशी येईल, त्यामुळं वाळवणं चुकत नाही.

ज्यांच्या घरात आज जुना डबा किंवा पुडी पडून असेल त्यांनी ती उघडून पाहू नये. उघडताना भडका उडू शकतो. विहिरीत, ओढ्यात, गटारात, शौचालयात तर मुळीच टाकू नका. कोरड्या हातानं उचलून घरापासून लांब, पाऊस लागणार नाही अशा मोकळ्या शेडमध्ये कुलुपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा. आग लागली तर कोरडी वाळू टाका. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती आहे की पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि ज्या दुकानात पुडीतून गोळ्या मिळतात, त्याची लेखी तक्रार पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडं करावी.